६३ नंबरचा गार्ड आणि त्यानंच मोडीत काढलेली युनियन

प्रश्न थोडक्यात असा आहे: "जीन अपशॉ हा अमेरिकन फुटबॉलमधला नावाजलेला लाइनमन, नंतर पंचवीस वर्षं खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख. त्याच्या काळातले दोन्ही संप फसले असं वाचलं. मग त्याला यशस्वी नेता का मानतात? आणि यशस्वी होता, तर त्याच्याच पिढीतले निवृत्त खेळाडू त्याच्यावर एवढे का चिडले?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकमेकांत अडकलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी गेली एकोणतीस वर्षं कामगार संघटनांच्या बाजूनं वेतनकरारांच्या वाटाघाटी करतो, बहुतेक पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात. त्याआधी नव्वदच्या दशकाच्या मध्यात दोन वर्षं औद्योगिक संबंध हा विषय शिकायला मिनियापोलिसला होतो. अपशॉच्या संघटनेनं जिंकलेला सगळ्यात मोठा खटला त्याच शहरातल्या फेडरल कोर्टात चालला होता. मी गेलो तेव्हा तो निकाल ताजा होता आणि वर्गात दर आठवड्याला त्याचा विषय निघायचा. फुटबॉल मला तिथंच कळला, तोही आधी कराराच्या बाजूनं आणि मग मैदानाच्या.

आधी मैदान, कारण गार्ड म्हणजे काय हे कळल्याशिवाय हा माणूस कळत नाही.

बॉल मध्ये ठेवलेला असतो. त्यामागे एका रांगेत पाच धिप्पाड माणसं वाकून उभी असतात, हे लाइनमन. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. या पाच जणांना सामान्यतः बॉल मिळत नाही. ते गुण करत नाहीत, धावांच्या आकड्यांत त्यांचं नाव नसतं. बॉल घेऊन पळणाऱ्याला वाट करून देणं आणि बॉल फेकणाऱ्याला, म्हणजे क्वार्टरबॅकला, मार बसू न देणं हे त्यांचं काम. टीव्हीवर त्यांचं नाव बहुधा चूक झाली की घेतलं जातं.

माझ्या एका वर्गमित्रानं मला पहिल्यांदा स्टेडियमवर नेलं तेव्हा तो म्हणाला, बॉल बघू नकोस, गार्डचा हात बघ. गार्ड एक हात जमिनीला टेकवून बसतो. सरळ पुढं मुसंडी मारायची असेल तर सगळा भार त्या बोटांवर येतो, बोटांची पेरं पांढरी पडतात. मागं सरकून आडवं पळायचं असेल तर भार टाचांवर जातो आणि बोटं नुसती गवताला टेकलेली राहतात. समोरचा अनुभवी खेळाडू या बोटांवरून पुढची चाल ओळखतो. म्हणून चांगल्या गार्डचा हात प्रत्येक वेळी सारखाच दिसतो. वाटाघाटीच्या टेबलावर बसताना मला हे अजूनही आठवतं.

अपशॉचा जन्म १५ ऑगस्ट १९४५ चा, टेक्सासच्या दक्षिण भागात, कॉर्पस क्रिस्टीजवळच्या रॉब्सटाउन या गावातला. कापसाचा मुलूख. लहानपणी भावांबरोबर त्यानं शेतात कापूस वेचला. शाळेत त्याचा ओढा बेसबॉलकडे होता, फुटबॉल तो फक्त एक वर्ष खेळला. किंग्जव्हिलच्या टेक्सास ए अँड आय या लहानशा कॉलेजात गेला, तिथं प्रशिक्षक गिल स्टाइंकी यांनी त्याला संघात घेतलं, आणि तिथंच त्याची उंची आणि अंग भरलं. १९६७ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत ओकलंड रेडर्स या संघानं त्याला पहिल्याच फेरीत, सतराव्या क्रमांकावर निवडलं. रेडर्सचा कारभार बघणाऱ्या अल डेव्हिसना त्या काळी एकच काळजी होती: कॅन्सस सिटीचा बक ब्यूकॅनन. साडेसहा फुटांहून उंच असलेला हा बचावपटू रेडर्सच्या आक्रमणाची वाट लावायचा, आणि त्या काळचे गार्ड त्याच्यापुढे बुटके पडायचे. अपशॉ साडेसहा फुटांच्या जवळ होता. एवढ्या उंच माणसाला गार्डच्या जागी उभं करायची तेव्हा पद्धत नव्हती.

पुढची पंधरा वर्षं तो त्याच जागी, डावा गार्ड म्हणून खेळला. पहिल्या सामन्यापासून सलग २०७ सामन्यांत तो सुरुवातीपासून मैदानात होता. १९८१ मध्ये एक सामना चुकला, मग परत येऊन तो आणखी दहा खेळला. एकूण २१७. दर आठवड्याला समोरच्या शंभर-सव्वाशे किलोच्या माणसावर पन्नास-साठ वेळा आदळण्याच्या कामात पंधरा वर्षांत एकच दांडी पडणं म्हणजे काय, हे फाउंड्रीत काम केलेल्यांना लगेच कळेल. त्याच्या डावीकडे टॅकलच्या जागी आर्ट शेल, नंबर ७८. अपशॉ नंबर ६३. ही जोडी वर्षानुवर्षं खांद्याला खांदा लावून खेळली आणि दोघंही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेले. अपशॉ १९८७ मध्ये, पहिल्याच वर्षी. केवळ गार्ड म्हणून खेळून तिथं पोचलेला तो पहिलाच.

या जोडीचं काम पाहायचं असेल तर ९ जानेवारी १९७७ चा, पासाडीनाच्या रोझ बोलमधला सामना शोधा. अकरावा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, रेडर्स विरुद्ध मिनेसोटा वायकिंग्ज. वायकिंग्जची बचावफळी दहशत बसवणारी होती, ॲलन पेज आणि जिम मार्शल तिचे खांब. त्या दिवशी रेडर्सनी २६६ यार्ड पळून काढले, त्यातले १३७ एकट्या क्लॅरेन्स डेव्हिसचे, आणि सामना ३२-१४ असा जिंकला. डेव्हिसच्या मोठ्या धावा बहुतेक डावीकडून, अपशॉ आणि शेल यांनी उघडलेल्या वाटेतून आहेत. कुठलीही एक घ्या आणि हळू करून बघा: बॉल सुटताच ६३ नंबर पुढं जायच्या ऐवजी मागं एक पाऊल घेतो, रांगेच्या मागून आडवा पळतो, कोपऱ्यावर वळतो, आणि समोर आलेल्या ऐंशी-नव्वद किलोच्या बचावपटूच्या दिशेनं सरळ जातो. त्या बचावपटूच्या पायांकडे लक्ष द्या. ते आधीच मागं सरकायला लागलेले असतात.

सामनावीराचा मान बॉल झेलणाऱ्या फ्रेड बिलेटनिकॉफला मिळाला. लाइनमनना तो मिळत नाही.

अपशॉ तीन सुपर बोल खेळला: जानेवारी १९६८ चा हरला, १९७७ आणि १९८१ चे जिंकला. एकाच संघाकडून तीन वेगवेगळ्या दशकांत. रेडर्सचा तो कित्येक वर्षं कर्णधार होता, संघाचा संघटनेतला प्रतिनिधीही होता. १९७६ मध्ये तो खेळाडू संघटनेच्या कार्यकारिणीवर गेला आणि १९८० मध्ये अध्यक्ष झाला.

आता संघटना. एनएफएल म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, या सगळ्या संघांची व्यावसायिक लीग; तिच्या खेळाडूंची एनएफएल प्लेयर्स असोसिएशन १९५६ ची. संघटनेचं मूळ दुखणं पगाराच्या आकड्यापेक्षा खोल होतं. खेळाडूचा करार संपला तरी तो दुसऱ्या संघात मोकळेपणी जाऊ शकत नव्हता. साठच्या दशकात नियम असा होता की दुसऱ्या संघानं त्याला घेतलं तर पहिल्या संघाला भरपाई द्यायची, आणि भरपाई किती हे लीगचा कमिशनर पीट रोझेल ठरवणार. मग कोण कशाला कुणाला घेईल? बाल्टिमोरचा जॉन मॅकी, हाही संघटनेचा अध्यक्ष होता, त्यानं यावर दावा लावला आणि १९७६ मध्ये अपील कोर्टात जिंकला. पण १९७७ च्या करारात संघटनेनं इतर सवलतींच्या बदल्यात भरपाईची एक नवी पद्धत मान्य केली आणि कोर्टात मिळालेलं स्वातंत्र्य टेबलावर परत देऊन टाकलं. आमच्या धंद्यात ही चूक वारंवार होते: निकाल हातात असताना सदस्यांना लगेच काहीतरी दाखवायचं असतं, आणि मुख्य गोष्ट सुटते.

१९८२ चा संप सप्टेंबरात सुरू झाला आणि ५७ दिवस चालला. एड गार्वी कार्यकारी संचालक, अपशॉ अध्यक्ष. मागणी होती लीगच्या एकूण उत्पन्नातल्या ५५ टक्के हिश्श्याची. हंगामाआधीच्या सराव सामन्यांत दोन्ही संघांचे खेळाडू मैदानाच्या मध्यावर येऊन एकमेकांशी हात मिळवत होते, आपण एक आहोत हे मालकांना दाखवायला. मालकांनी सामने बंद ठेवले, हंगाम नऊ सामन्यांवर आला. शेवटी टक्केवारी मिळाली नाही. पगारांची किमान श्रेणी आणि निवृत्तीच्या वेळी एकरकमी रक्कम मिळाली, आणि वरून किरकोळ दिसणारी आणखी एक गोष्ट: प्रत्येक खेळाडूच्या कराराची प्रत संघटनेला मिळण्याचा हक्क.

ही शेवटची गोष्ट मला त्या संपाची खरी कमाई वाटते. तोवर शेजारच्या माणसाला किती मिळतं हे कुणाला नक्की माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत नसतं त्याला कुठल्याही आकड्यावर गप्प बसवता येतं. वेतनकरारात मी पहिली मागणी नेहमी आकड्यांची करतो: पगारपत्रकं द्या, कंत्राटी कामगारांची संख्या द्या. पैशाचं नंतर बघू.

१९८३ मध्ये गार्वी गेले आणि अपशॉ कार्यकारी संचालक झाला. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांच्या संघटनेचा तो पहिला कृष्णवर्णीय प्रमुख. गार्वी वकील होते. मालकांच्या नजरेत अपशॉ होता तो मैदानातून आलेला माणूस.

दुसरा संप २२ सप्टेंबर १९८७ ला सुरू झाला. आता मागणी थेट होती: करार संपला की खेळाडू मोकळा. पण मालक १९८२ पासून शिकले होते. एक आठवड्याचे सामने रद्द झाले, आणि पुढच्या आठवड्यापासून त्यांनी बदली खेळाडू उतरवले. कुणी कॉलेजनंतर खेळ सोडलेला, कुणी दुसरीकडे नोकरी करणारा. टीव्हीनं ते सामने दाखवले, मालकांकडे टीव्हीचा पैसा येत राहिला. खेळाडूंचा पगार मात्र सामन्यागणिक बुडत होता, आणि ज्या धंद्यात सरासरी कारकीर्दच तीन-साडेतीन वर्षांची, तिथं एका महिन्याचा पगार ही मोठी किंमत असते. फूट पडायला लागली. जो मोंटाना, टोनी डॉर्सेट अशी मोठी नावं संपाची रेषा ओलांडून परत मैदानात गेली.

चोविसाव्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, अपशॉनं संप मागं घेतला. करार न होता, एकही मागणी मान्य न होता. खेळाडू गुरुवारी कामावर हजर झाले तर मालकांनी सांगितलं, मुदत बुधवारी दुपारी संपली, या आठवड्याचा सामना तुम्ही खेळायचा नाही, पगारही नाही. वर्तमानपत्रांनी त्याला शरणागती म्हटलं. अनेक खेळाडूंनीही म्हटलं.

इथं मला थोडं स्वतःचं सांगावं लागतं. माझे वडील गिरणीत साचेवाले होते, लालबागला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. तो रीतसर मागं कधी घेतलाच गेला नाही. माझी शाळा, मग कॉलेज त्या न संपलेल्या संपात गेलं. वडील रोज सकाळी आंघोळ करून तयार होऊन बसायचे, कारण आज काहीतरी ठरेल. नेत्यांच्या हेतूंबद्दल मला कधी शंका आली नाही, आजही नाही. पण संप सुरू करण्यापेक्षा तो कधी आणि कशासाठी थांबवायचा हे ठरवणं किती कठीण असतं, आणि ते न ठरल्याची किंमत कोण भरतं, हे मी घरात पाहिलं. त्यामुळे १९८७ च्या ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारकडे मी शरणागती म्हणून पाहू शकत नाही.

कारण ज्या दिवशी संप मागं घेतला, त्याच दिवशी संघटनेनं मिनियापोलिसच्या फेडरल कोर्टात दावा दाखल केला. दाव्यात पहिलं नाव मार्विन पॉवेल या खेळाडूचं, तो तेव्हा संघटनेचा अध्यक्ष होता. भांडण तेच, फक्त जागा बदलली. ज्या मैदानावर मालकांची ताकद जास्त होती तिथून अपशॉ बाहेर पडला आणि जिथं कमी असण्याची शक्यता होती तिथं गेला. दरम्यान, त्या गुरुवारच्या प्रकाराची तक्रार राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे गेली आणि पुढं मंडळानं मालकांना दोषी धरून त्या आठवड्याचा पगार द्यायला लावला.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. इथं घाई करू नका, कारण अपशॉचं मोठेपण मला इथं दिसतं.

अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कायदा आहे. अठ्ठावीस कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं की आपण एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत, तर तो गुन्हा ठरू शकतो आणि नुकसानभरपाई तिप्पट द्यावी लागते. लीगमध्ये तेव्हा २८ संघ होते आणि ते नेमकं हेच करत होते. मग कोर्ट त्यांना का अडवत नव्हतं? कारण मालक आणि संघटना जे सामूहिक वाटाघाटींतून ठरवतात, त्याला या कायद्यातून सूट आहे. ही सूट कामगारांच्या भल्यासाठीच घडली. ती नसती तर युनियनचा प्रत्येक करार कोर्टात उभा राहिला असता. पण इथं तीच सूट मालकांची ढाल झाली. नोव्हेंबर १९८९ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं की वाटाघाटी फिसकटल्या, करार संपला, तरी संघटना आणि मालक यांचं ते नातं शिल्लक आहे तोवर मालकांना संरक्षण आहे. म्हणजे खेळाडूंची युनियन अस्तित्वात आहे, हाच मालकांचा बचाव होता.

अपशॉ आणि त्याचे वकील, त्यांत संघटनेचे डिक बर्थेलसन आणि बाहेरचे जिम क्विन, यांनी त्याचं तर्कशुद्ध टोक गाठलं. १९८९ च्या अखेरीस संघटनेनं जाहीर केलं की आम्ही यापुढं खेळाडूंच्या वतीनं वाटाघाटी करणारी युनियन नाही. प्रतिनिधित्वाचा हक्क सोडला आणि एक व्यावसायिक मंडळ म्हणून उरली.

ज्यांनी कधी युनियन चालवली नाही त्यांना हा कागदी डाव वाटेल. तो तसा नव्हता. युनियनची ओळख हीच तिची ताकद, तिच्या नेत्याचा मान, त्याची खुर्ची. महाराष्ट्रात एका कारखान्यात मान्यता मिळवण्यासाठी आम्ही औद्योगिक न्यायालयात वर्षानुवर्षं घालवतो, आणि मिळालेली मान्यता कुणी स्वतःहून सोडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मालकांनी उद्या खेळाडूंचा विमा कापला, पेन्शन कापलं, तर विचारायला टेबलाच्या पलीकडे कुणी बसणार नव्हतं. वर्गणी पगारातून कापली जाणं बंद होणार होतं. खेळाडूंची नावं आणि छायाचित्रं वापरू देण्याच्या हक्कातून येणाऱ्या पैशावर खटले चालवायचे होते. आणि दोन वर्षांपूर्वी ज्यानं संप मागं घेतला, तोच माणूस आता युनियनही बंद करतोय, हे खेळाडूंना पटवायचं होतं. एकेका संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन. तिथं त्याची २१७ सामन्यांची पुण्याई उपयोगी पडली असणार असं मला वाटतं. बाहेरून आलेल्या वकिलाचं हे कुणी ऐकून घेतलं नसतं.

मालकांनी मध्येच एक तोडगा लागू केला होता, प्लॅन बी नावाचा. प्रत्येक संघानं आपले ३७ खेळाडू राखून ठेवायचे, बाकीचे मोकळे. म्हणजे ज्यांना मागणी आहे ते बांधलेले, ज्यांना फारशी नाही ते स्वतंत्र. न्यूयॉर्क जेट्सचा फ्रीमन मॅकनील आणि आणखी सात खेळाडूंनी यावर दावा लावला. खटला मिनियापोलिसला न्यायाधीश डेव्हिड डोटी यांच्यासमोर चालला. सप्टेंबर १९९२ मध्ये आठ महिलांच्या ज्यूरीनं निकाल दिला: प्लॅन बी मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतो. आठांपैकी चारच खेळाडूंना भरपाई मिळाली आणि ती रक्कम या धंद्याच्या मानानं मोठी नव्हती. पण तत्त्व ठरलं होतं. आता प्रत्येक खेळाडू रांगेत उभा राहून तिप्पट भरपाई मागू शकत होता. रेजी व्हाइट या बचावपटूच्या नावानं सगळ्यांच्या वतीनं दावा दाखल झाला.

जानेवारी १९९३ मध्ये मालक तडजोडीला आले. संघटना पुन्हा युनियन झाली, सामूहिक करार झाला आणि करार संपलेले खेळाडू ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर खरोखर मोकळे झाले. रेजी व्हाइट त्याच वर्षी ग्रीन बेला गेला, चार वर्षांचे १ कोटी ७० लाख डॉलर घेऊन. १९८७ च्या मागणीपत्रातली मुख्य मागणी सहा वर्षांनी मान्य झाली.

त्याची किंमतही होती. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली: ३ कोटी ४६ लाख डॉलर. टीकाकार म्हणतात, बाजार खुला करून घेतला आणि वर झाकण बसवून घेतलं. मला ही टीका अर्धी पटते. ही मर्यादा उत्पन्नाच्या टक्केवारीला बांधलेली होती. उत्पन्न वाढलं की तीही वाढणार. २००८ मध्ये ती ११ कोटी ६० लाख झाली, आणि २००६ च्या करारात खेळाडूंचा वाटा लीगच्या एकूण उत्पन्नाच्या ६० टक्क्यांच्या जवळ पोचला. १९८२ मध्ये ५५ टक्के मागितले म्हणून लोक हसले होते. ज्या गोष्टीवर त्याला खरोखर जाब विचारायला हवा ती वेगळी आहे: बेसबॉलसारखी कराराच्या पूर्ण रकमेची हमी फुटबॉलमध्ये रूढ झाली नाही. खेळाडू जखमी झाला, उतरणीला लागला की संघ त्याला सोडू शकतो आणि उरलेले पैसे वाचवू शकतो. सगळ्यात जास्त शरीर झिजवणाऱ्या खेळात ही हमी सगळ्यात कमी असावी, हे मला आजही खटकतं.

१९८७ नंतर त्याच्या हयातीत एनएफएलचा एकही सामना कामगार तंट्यामुळे बंद पडला नाही. त्याच काळात बेसबॉलनं १९९४ ची वर्ल्ड सिरीज गमावली, हॉकीनं २००४-०५ चा अख्खा हंगाम. मालकांशी आणि कमिशनर पॉल टॅग्लिअब्यू यांच्याशी त्याचं चांगलं जमायचं, म्हणून तो मालकांचा माणूस झाला असंही बोललं गेलं. ज्यानं त्यांच्याकडून हे सगळं काढून घेतलं त्याच्याशी त्यांचं जमत असेल, तर त्यात मला वावगं दिसत नाही. करार झाल्यावरही त्याच माणसांबरोबर रोज काम करायचं असतं.

आता निवृत्त खेळाडू.

अपशॉबरोबर आणि त्याच्याविरुद्ध खेळलेले लोक पन्नाशी-साठीला आले तेव्हा त्यांचे गुडघे, पाठी आणि डोकी बोलायला लागली. पिट्सबर्गचा सेंटर माइक वेबस्टर, हाही लाइनमनच, २००२ मध्ये वारला. शेवटची वर्षं त्यानं भ्रमिष्टासारखी काढली होती. त्याचा मेंदू डॉ. बेनेट ओमालू यांनी तपासला आणि वारंवारच्या आघातांनी झालेला आजार जगासमोर आला. वेबस्टरच्या कुटुंबाला अपंगत्वाच्या पूर्ण लाभासाठी खेळाडूंच्याच निवृत्ती योजनेविरुद्ध कोर्टात जाऊन भांडावं लागलं. ती योजना चालवणाऱ्या मंडळावर मालकांचे आणि संघटनेचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं होते. २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर सुनावणी झाली. माइक डिट्का, जो डेलामिलुअर असे जुने खेळाडू उघडपणे बोलू लागले: नवे खेळाडू कोट्यधीश, संघटनेचा प्रमुख स्वतः वर्षाला लाखो डॉलर घेणारा, आणि आम्ही औषधाला महाग.

अपशॉनं जाहीरपणे दिलेलं उत्तर असं होतं की मला ते नेमत नाहीत आणि काढूही शकत नाहीत, मत सध्या खेळणाऱ्यांचं असतं. डेलामिलुअरबद्दल तर त्यानं एका वार्ताहराशी बोलताना मान मोडण्याची भाषा केली.

कायद्यानं तो बरोबर होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्येच ठरवून दिलंय की निवृत्त माणूस कामगार संबंधांच्या कायद्याच्या अर्थानं 'कर्मचारी' नाही, त्याच्यासाठी वाटाघाटी करणं युनियनवर किंवा मालकावर बंधनकारक नाही. निवृत्तांसाठी त्याच्या काळात पेन्शनमध्ये वाढी झाल्या, हेही खरं. प्रत्येक वाढ खेळणाऱ्यांच्या वाट्यातून काढून द्यावी लागली, आणि त्यांना ते पटवणारा तोच होता. जॉन मॅकीला स्मृतिभ्रंश झाला तेव्हा त्याच्या पत्नीनं लिहिलेल्या पत्रावरून लीग आणि संघटनेनं २००७ मध्ये योजना सुरू केली; मॅकीच्या जर्सीच्या नंबरावरून तिचं नाव ८८ प्लॅन, आणि काळजीकेंद्रात राहणाऱ्याला वर्षाला ८८ हजार डॉलरपर्यंत.

तरी मी त्याला यात बरोबर म्हणणार नाही, आणि कारण कायद्याच्या पुस्तकातलं नाही. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा करार पहाटे साडेतीनला झाला. मागणीपत्रात सोळावी मागणी होती निवृत्त कामगारांच्या वैद्यकीय विम्याची. रात्री दोन वाजता व्यवस्थापनानं विचारलं, मूळ पगारात आणखी साडेतीनशे घेता की सोळावी? खोलीत बसलेल्या सात कमिटी मेंबरांकडे मी पाहिलं. सगळे चाळिशीच्या आतले. साडेतीनशे घेतले. मीच मसुद्यावर सोळाव्या मागणीपुढं 'मागे घेण्यात येत आहे' असं लिहिलं. दुपारी गेटवर पेढे वाटत होते तिथं एक निवृत्त वेल्डर आले होते. पहिल्या मागणीपत्रावर त्यांची सही होती. पेढा त्यांनी घेतला, तोंडात न टाकता रुमालात बांधला आणि म्हणाले, "साहेब, छान झालं पोरांचं." एवढंच. कायदा तिथंही माझ्या बाजूनं होता. त्यानंतर मी ती मागणी कधी सोळावी ठेवली नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: निवृत्त खेळाडू पैशासाठी चिडले होतेच, पण त्याहून जास्त चिडले होते ते उत्तर कुणाकडून आलं यावर. वकिलानं म्हटलं असतं की माझं अशील खेळणारे आहेत, तर ते चालून गेलं असतं. पण हे म्हणत होता ६३ नंबर, ज्यानं त्यांच्याबरोबर मार खाल्ला होता आणि १९८२, १९८७ मध्ये त्यांना पगार बुडवून रस्त्यावर उभं केलं होतं. १९९३ चा करार त्या बुडालेल्या पगारावर उभा होता आणि त्यांतले बहुतेक जण त्याचा फायदा मिळण्याआधीच निवृत्त झाले होते. त्याला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही. पंचवीस वर्षं एकाच खुर्चीत बसलं की ज्यांच्या मतावर खुर्ची आहे त्यांचाच आवाज ऐकू येतो, हा धोका कुठल्याही संघटनेत असतो.

मे २००८ मध्ये मालकांनी २००६ चा करार मुदतीआधी संपवायचा निर्णय घेतला. पुढच्या लढ्याची तयारी त्यालाच करायची होती. १७ ऑगस्टला त्याला स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं निदान झालं आणि तीन दिवसांत, लेक टाहोला, तो गेला. वय ६३.

२०११ मध्ये मालकांनी टाळेबंदी केली. नवे प्रमुख डीमॉरिस स्मिथ यांनी अपशॉचाच मार्ग धरला: संघटनेनं पुन्हा युनियनपण सोडलं, टॉम ब्रेडी आणि इतरांच्या नावानं मिनेसोटातच दावा लागला, आणि जुलैत करार झाला तेव्हा हंगामाचा एकही सामना बुडालेला नव्हता. त्या करारात ६२ कोटी डॉलरचा एक वेगळा निधी ठेवला गेला, १९९३ च्या आधी निवृत्त झालेल्यांचं पेन्शन वाढवण्यासाठी. ओकलंडला अपशॉच्या डावीकडे आणि उजवीकडे हात टेकवून बसणारी त्याची पिढी त्या तारखेच्या आधीचीच आहे.